टिनेकेबाईंचा भाडेपट्टा

लोणार,
१५ डिसेंबर २०२४

चि. संघर्ष, सौ. सुवर्णा आणि आमची लाडकी मैत्री यांना बाबांचा जयभीम.

आम्ही दोघं मजेत आहोत. थंडीत तुझ्या आईचा गुडघा कुरकुर करतो, पण तिच्यापेक्षा कमीच. शेतात हरभरा चांगला आहे, तुरीच्या शेंगा भरत आल्या आहेत. तिकडे बर्फ पडला का ते मैत्रीला विचारून कळव. तुला विचारलं की तू नुसतं तापमान सांगतोस.

घरात फोन असताना हे पत्र काऊन, असं तुला वाटेल. रविवारी फोन आईच्या हातात असतो. माझ्या वाट्याला "बाबा, बरे आहात ना?" एवढं येतं आणि मी "हाव" म्हणतो. अडतीस वर्षं लोकांचे दस्त लिहून दिले. जे काही नीट बोलता येतं ते मला कागदावरच.

माझी भाची समता हिने गेल्या वर्षी कोर्टासमोर वकिलीचं ऑफिस थाटलं, हे आईने तुला सांगितलं असेल. दस्तलेखनाचं माझं टेबलही मी तिथेच नेलं आहे. पाटी तिची, गावातली ओळखदेख माझी. बरं चाललं आहे.

मागच्या सोमवारी प्लॉटचे सौदे करणारा भागवत एका गोऱ्या बाईंना घेऊन आला. उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पाठीवर पिशवी. नाव टिनेके, वय त्रेसष्ट. देश नेदरलँड. तुझाच. म्हणजे तू राहतोस तो.

भागवत खुर्ची ओढून म्हणाला, "किसनभाऊ, या मॅडमले रंगरावचं घर घ्याचं आहे. आजच्या आज इसारपावती करून टाका."

समताने विचारलं, "व्हिसा कोणता आहे?"

"टुरिस्ट," बाई म्हणाल्या.

समताने पेन खाली ठेवलं. "मग घर घेता येणार नाही."

बाईंचं आणि तिचं बोलणं इंग्रजीत चाललं होतं. मला समजावं म्हणून बाई मधूनमधून मोडकंतोडकं हिंदी घालत. चाळीस वर्षांपूर्वी त्या विद्यार्थिनी असताना सरोवराचं पाणी तपासायला आल्या होत्या. तेव्हा लॉज वगैरे नव्हते, म्हणून तीन आठवडे रंगरावच्या वडिलांकडे उतरल्या होत्या. देवळाच्या अलीकडच्या गल्लीतलं ते दगडी जोत्याचं घर. नवऱ्याच्या मागे आता एकट्याच आहेत, नोकरी संपली आहे. दर हिवाळ्यात येऊन राहायचं आणि पाण्याच्या नोंदी पूर्ण करायच्या, असा त्यांचा बेत. रंगरावलाही घर विकून मुलाजवळ चिखलीला जायचं आहे.

"विकणारा राजी, घेणारी राजी. मग मध्ये कोण आहे?" बाईंनी विचारलं.

"रिझर्व्ह बँक," समता म्हणाली.

मग तिने शांतपणे सगळं सांगितलं. परदेशी माणूस इथे नोकरीधंद्यासाठी येऊन वर्षातला निम्म्याहून जास्त काळ राहिला असेल, तर त्याला घर घेता येतं. फिरायला आलेल्याला नाही, मग तो कितीही दिवस राहो. शेतजमीन तर दोघांनाही नाही. बाईंचा चेहरा उतरला. मला ते बघवलं नाही. समोरच्या माणसाचा चेहरा उतरला की मी लगेच काहीतरी बोलून बसतो. मी त्यांना आपल्याकडे जेवायला बोलावलं.

आता एक गोष्ट सांगतो. आईला सांगू नको.

भागवतने मला चहाच्या टपरीवर गाठलं. म्हणाला, "किसनभाऊ, तुम्ही काऊन नाही घेत ते घर? पैसे बाईचे, नाव तुमचं. बाई राह्यल चार महिने, बाकीचे आठ महिने तुम्ही राहा. आपसात एक चिठ्ठी लिहून ठेवू. कोणाले समजते?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "पाहू."

घर पाहून आलो. तीन खोल्या, पुढे ओसरी, मागे विहीर. गच्चीवरून सरोवराच्या काठावरची झाडी दिसते. मनात आलं, आपल्या दोन खोल्यांत तुम्ही तिघं येता तेव्हा सुवर्णाला कपडे बदलायलाही आडोसा शोधावा लागतो. म्हणूनच तीन वर्षांत आला नसाल. असं घर असलं तर याल. तुझी खोली कोणती तेही मी ठरवून टाकलं. अजून भागवतला हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

टिनेकेबाई जेवायला आल्या होत्या. ठेच्याने डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी भाकर मागून घेतली. तुझा तो बक्षिसाचा फोटो मी फ्रेम करून लावला आहे ना, त्याच्यासमोर त्या बराच वेळ उभ्या होत्या. काहीतरी बोलल्याही. ते पुन्हा केव्हातरी.

तुझी कागदपत्रं जपून ठेवत जा. पासपोर्ट कुठे ठेवतोस?

तुझा,
बाबा


लोणार,
१२ जानेवारी २०२५

चि. संघर्ष यास जयभीम.

आज रविवार, ऑफिस बंद. त्यात जयंतीसाठी सिंदखेडराजाला जाणाऱ्या गाड्यांनी रस्ता भरला आहे. घरात निवांत बसलो आहे. तब्येत ठीक.

भागवतच्या गोष्टीचं काय झालं ते आधी सांगतो. मागच्या आठवड्यात समता ऑफिसात आली ती बॅगही खाली न ठेवता माझ्यापुढे उभी राहिली.

"मामा, तुम्ही रंगरावच्या घरात टेप घेऊन फिरून राह्यले म्हणे?"

रंगरावच्या बायकोने, सोजराबाईने, तिला सांगितलं होतं. मी म्हटलं, "सहज पाह्यत होतो."

"सहज कोणी खिडकी मोजते का? दुसऱ्याचे पैसे अन् आपलं नाव, याले बेनामी म्हणतात. हे मी तुम्हाले सांगू? सात वर्षांपर्यंत सजा आहे. घर सरकारजमा होईल. बाईचे पैसे बुडतील, अन् मामाले सोडवाले मलेच कोर्टात उभं राहा लागीन."

"भागवत म्हणे कोणाले समजत नाही."

"मले समजलं ना? सोजराबाईले समजलं. आता राह्यलं कोण?"

मी पांढरे केस झालेला माणूस, पण तिच्यापुढे पाढे चुकलेल्या पोरासारखा बसलो होतो. अडतीस वर्षांत किती लोकांना मी सांगितलं असेल, की नाव त्याचंच लिही ज्याचं घर आहे. आणि स्वतःच्या वेळी टेप घेऊन फिरत होतो. भागवतला बोलावून समतासमोर स्पष्ट नाही सांगितलं. तो म्हणाला, "तुमचाच फायदा होता भाऊ." मी म्हटलं, "म्हणूनच."

समताने बाईंसाठी दुसरा रस्ता काढला आहे. घर घेता येत नसलं, तरी पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्याने घेता येतं. त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. आता अडलं आहे ते रंगरावकडे. त्याला विकायचंच आहे. बघू.

आता ते दुसरं.

त्या दिवशी तुझ्या फोटोसमोर टिनेकेबाई उभ्या राहिल्या आणि हसून माझा हात धरून म्हणाल्या, "बधाई! आपका बेटा डच नागरिक हो गया!" मी म्हटलं, नाही, तो कंपनीचा कार्यक्रम आहे, हातात बक्षिसाचं सर्टिफिकेट आहे. शेजारी गळ्यात चांदीची जाड साखळी घातलेला माणूस कंपनीचा मालक आहे. गावात सगळ्यांना मी हेच सांगत आलो. पोस्टमनलासुद्धा.

बाई गोंधळल्या. म्हणाल्या, "ये मालिक नहीं, मेयर है." ती साखळी तिकडे शहराचा महापौर घालतो. सर्टिफिकेटवर काय लिहिलं आहे तेही त्यांनी वाचून दाखवलं. आणि आधीच्या देशाचं नागरिकत्व सोडावं लागतं हेही सांगितलं. आपण काही बिघडवलं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. मग खाली बसून त्यांनी भाकरी संपवली.

तेव्हापासून महिना झाला. चार रविवार तू फोन केलास आणि चारही वेळा मी "हाव" म्हणालो.

तू निघालास त्या दिवशी जालना स्टेशनवर मी तुला काय म्हटलं होतं ते तुला आठवत असेल. कुठेही राहा, पण ज्या संविधानाने आपल्याला माणूस म्हणून उभं केलं, त्या देशाचा नागरिक राहा. गाडी सुटायला दोन मिनिटं होती आणि मी भाषण करत होतो. आई तुझ्या पिशवीत लाडू कोंबत होती, तिचं जास्त बरोबर होतं.

मी रागावलो आहे, हे खरं. देश सोडलास म्हणून आहे की मला बक्षीस म्हणून सांगितलंस म्हणून, ते माझं मलाच नीट कळत नाही. तुझ्या आजोबांना स्वतःच्या गावात विहिरीवर उभं राहू दिलं नव्हतं. त्यांचा मुलगा सरकारी कचेरीबाहेर टेबल टाकून बसला आणि सगळ्या जातींचे लोक त्याच्याकडून कागद लिहून घेत. हे मला कोणी दान दिलं नाही. म्हणून तो पासपोर्ट मला नुसता कागद वाटत नाही. एवढंच.

पण तू असं काऊन केलंस, ते मला तुझ्याकडूनच ऐकायचं आहे. फोनवर नको. फोनवर मी पुन्हा "हाव" म्हणीन.

बाबा


लोणार,
९ मार्च २०२५

प्रिय संघर्ष, सुवर्णा, मैत्री,

तिघांनाही भरभरून जयभीम. ऊन तापायला लागलं आहे. मेहकर रस्त्याला पळस असा फुलला आहे, की मैत्री असती तर गाडी थांबवायला लावली असती.

तुझं पत्र मिळालं. आठ पानं! शाळेत निबंधाला तुला एक पान जड जायचं. ऑफिसात वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर बंद करून घरी आलो.

तुझी नोकरी गेली होती, हे आम्हाला आत्ता समजतं. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर देश सोडा, असं पत्र हातात, घरात लहान मुलगी, आणि दर रविवारी तू आम्हाला "सगळं मस्त" सांगत होतास. ते तीन महिने सुवर्णाने कसे काढले असतील? अकराव्या आठवड्यात काम मिळालं, त्याच दिवशी ठरवलं, की पुन्हा मैत्रीला अशी भीती दाखवायची नाही. मग भाषेची परीक्षा, मग अर्ज. फोटो आईला पाठवलास आणि मी फोन हिसकावून "कसलं बक्षीस रे?" असं ओरडलो, तेव्हा तुझ्या तोंडून "हो बाबा" निघून गेलं. म्हणजे ते खोटंसुद्धा मीच तुझ्या तोंडात घातलं होतं.

मला वाटत होतं, तू चैनीसाठी देश बदललास. तू तर घाबरला होतास. मी बाप असून तुला ते माझ्याशी बोलता आलं नाही, याचं मला जास्त लागलं. राग होता तो कुठे गेला, शोधला तरी सापडला नाही.

पत्र घेऊन मी आईजवळ बसलो. कसं सांगावं म्हणून शब्द जुळवत होतो. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याच्या नागरिकत्वाचं ना? मले माहीत आहे."

"कवापासून?"

"दीड वर्ष झालं. सुवर्णानं सांगतलं होतं."

"अन् मले नाही सांगतलं?"

"तुम्ही जेवले नसते."

"मी तो फोटो फ्रेम करून आणला, तवाही नाही?"

"तवा मले लय हासू आलं. पण तुम्ही खिळा ठोकून राह्यले होते, म्हटलं घाव बोटावर बसीन." मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "तो फोन करते तवा मले आईच म्हणते ना? का डचमध्ये म्हणते?"

आम्ही दोघं खूप हसलो. शेजारची बनाबाई काय झालं म्हणून पाहायला आली.

आता टिनेकेबाईंचं. रंगराव हटून बसला होता, की विकीन तर विकीन, भाड्याने देणार नाही. शेवटी समता त्याच्याशी बोलायचं सोडून सोजराबाईशी बोलली. त्या आतल्या खोलीतून बाहेर आल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "विकलं अन् चिखलीत सुनेचं न् माझं नाही पटलं, तं मी कुठी जाऊ? पाच वर्षं बाईले राहू द्या. घर झाडून-पुसून राह्यल, अन् माह्यंच राह्यल." रंगरावने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "लिहा."

दस्त मीच लिहिला. नावात चूक केली. "टिनेके" ऐवजी "टिकेने" लिहून ठेवलं. समताने ते ऐन नोंदणीच्या सकाळी पकडलं आणि मला पूर्ण पान पुन्हा लिहायला लावलं. बाई मात्र म्हणाल्या, टिकेने वाईट नाही, राहू द्या.

नोंदणीला बाई सोजराबाईंनी दिलेलं हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. चालता येत नव्हतं म्हणून एका बाजूने समता, दुसऱ्या बाजूने सोजराबाई. फोटो काढताना साहेबांनी हसू नका म्हणून सांगितलं, तरी त्यांचं हसू थांबेना. अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "अब पाँच साल कोई नहीं निकालेगा?" मी म्हटलं, "कोई नहीं." आणि बाई तिथेच खुर्चीवर बसून रडायला लागल्या. सोजराबाईही रडल्या. कशासाठी ते त्यांनाही माहीत नसावं. परदेशी पाहुण्याची माहिती पोलिसांकडे भरावी लागते, ती समताने त्याच दिवशी भरली. आता बाई रोज सकाळी सरोवराकाठच्या झऱ्यापर्यंत, धारेपर्यंत चालत जातात, बाटल्यांमध्ये पाणी भरतात आणि येताना ऑफिसात चहा घेतात. पुढच्या आठवड्यात परत जातील, हिवाळ्यात पुन्हा येतील. तुमचा फोन नंबर दिला आहे. आईने कुरड्या बांधून ठेवल्या आहेत, त्या घेऊन बाई येतील तेव्हा घरी नीट बोलवा.

बाईंच्या कामात परदेशी माणसाला इथे काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे समताने मला इतकं पढवलं आहे, की मी आता झोपेतही सांगीन. तर ऐक. आता तूही परदेशी माणूस आहेस. हे वाक्य मी लिहू शकलो, बघ.

पण तू टिनेकेबाईंसारखा परदेशी नाहीस. मूळ भारतीय असलेल्यांना एक कार्ड मिळतं, ओसीआय म्हणतात. ते तू काढलं नाहीस असं तू लिहितोस. अर्जात वडिलांचं नाव लिहिताना हात थांबला म्हणतोस. आता थांबवू नको. जुना पासपोर्ट रद्द करून घे आणि तिघांचेही अर्ज भर. ते कार्ड असलं की व्हिसा लागत नाही. लोणारात घर घ्यावंसं वाटलं तर स्वतःच्या नावाने, उजळ माथ्याने घेता येईल. समता दस्त तपासून देईल, मी नाव बरोबर लिहीन.

शेतजमीन मात्र तुला विकत घेता येणार नाही. कार्ड असलं तरी नाही. एक गुंठासुद्धा नाही, कितीही मोठा पगार असो. हे ऐकून आधी मला वाईट वाटलं. आपलं दीड एकर माझ्या बापाने आयुष्यभर मजुरी करून घेतलं, आणि त्याच्या नातवाला कायदा हात लावू देत नाही, असं वाटलं. समताला तसं बोललो. ती म्हणाली, "मामा, विकत नाही. पण वारसानं येते."

मी तिला ते तीनदा म्हणायला लावलं. पुस्तक काढून दाखवायला लावलं. खरं आहे. इथल्या बापाची जमीन तिकडे नागरिक झालेल्या मुलाकडे वारसाने जाऊ शकते, शेतजमीनसुद्धा. पैसे चालत नाहीत, ओळख चालत नाही. त्या माणसाचा मुलगा असावं लागतं, बस्स.

काल मी मृत्युपत्र लिहिलं. आयुष्यात दुसऱ्यांची शेकड्याने लिहिली, स्वतःचं पहिल्यांदा. आईने साक्षीदारांना पोहे केले. घाबरू नको, मला काही झालेलं नाही. डॉक्टरने साखर कमी करायला सांगितली आहे, तेवढंच. अजून पंधरा-वीस वर्षं ते शेत मी कसणार आहे, आणि तू बांधावर उभा राहून मला तापमान सांगणार आहेस.

उन्हाळ्याच्या सुट्टीत या. घर दोन खोल्यांचंच आहे. मी आणि तू ओसरीत झोपू.

तुझा बाप (हे नातं सोडून देण्याची तरतूद दोन्ही देशांच्या कायद्यात समताला कुठे सापडली नाही),
किसन